न्यू ऑर्लिन्समध्ये जेवायचं कुठे?

न्यू ऑर्लिन्सला गेलेल्या पाहुण्याची पहिली फसगत बर्बन स्ट्रीटवर होते. पावलापावलावर ‘अस्सल क्रिओल’ अशा पाट्या, दारात उभं राहून आत बोलावणारी माणसं, आणि दिवसभर चालून दमलेले आपण. हातात एकच रात्र असते. मग जी पाटी समोर येईल तिच्याखाली जाऊन बसायचं, पिठूळ गम्बो, म्हणजे तिथलं दाट कालवण, गिळायचा आणि ‘क्रिओल म्हणजे एवढंच होय!’ असा समज घेऊन परतायचं. हे मला फार लागतं. अमेरिकेत पिढ्यान्पिढ्या एका गावात मुरलेली स्वयंपाकाची परंपरा शोधायला गेलं तर फार ठिकाणी सापडत नाही. या गावात ती आहे.

ह्यूस्टनमधल्या आम्हा मराठी घरांत भारतातून कुणी आलं की पाच-साडेपाच तास गाडी चालवून त्यांना न्यू ऑर्लिन्सला नेण्याची पद्धत आहे. आई आणि मोठा मामा आले तेव्हा रात्रीचं जेवण क्रिओलच हवं आणि ते निवांत व्हायला हवं, यावर दोघांचं एकमत होतं. त्यानंतर कशावरच नव्हतं. मामाची सगळी नोकरी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये झाली, स्टुअर्डपासून कॅप्टनपर्यंत. आईने पुण्यात बरीच वर्षं घरून जेवणाचे डबे दिले. एक वाढणारा, दुसरी रांधणारी. मासळी आणि कोंबडी दोघांना चालते, गाय आणि डुक्कर दोघंही खात नाहीत. त्यांचं बोलणं इथे मांडते आहे, कारण त्या गावी जाणाऱ्या कुणाही मराठी माणसापुढे हेच दोन रस्ते असतात.

मामा: आपण काय दरवर्षी येणार आहोत इथे? मग जायचं तर अँटवान्सलाच. १८४० सालचं हॉटेल, आणि अजून त्याच घराण्याकडे. आपल्याकडे सत्तावनचा उठाव व्हायचा होता, तेव्हा तिथे टेबलं लागत होती. ऑयस्टर्स रॉकफेलर, म्हणजे हिरव्या सॉसखाली भाजलेली कालवं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथेच पहिल्यांदा झाली. त्या हिरव्या सॉसची कृती त्यांनी आजवर बाहेर जाऊ दिलेली नाही.

आई: जिथे कृती लपवून ठेवतात तिथे मला नाही जायचं. भांड्यात काय काय घातलंय हे जिथे मोकळेपणाने सांगतील तिथे जाऊ या.

मामा: बरं, अँटवान्स राहू दे. गॅलटवार्स घे. १९०५ पासून आहे. तेंडुलकरांनी ज्याचं ‘वासनाचक्र’ केलं ना, त्या टेनेसी विल्यम्सच्या मूळ नाटकात स्टेला बहिणीला जेवायला गॅलटवार्सलाच नेते. तिथे खालच्या दालनात टेबल आधी राखून ठेवता येत नाही. कितीही मोठा माणूस असो, रांगेत उभा राहतो. शुक्रवारी दुपारी गावातली मंडळी नटूनथटून येतात ती संध्याकाळपर्यंत उठत नाहीत. तुला निवांत हवं होतं ना?

आई: आणि पाच वाजल्यानंतर पुरुषांना कोट सक्तीचा, हे का नाही सांगितलंस? या दमट हवेत कोट घालून कसला निवांतपणा, दादा?

मामा: अगं, निवांतपणा म्हणजे पाय पसरून बसणं नव्हे. ग्लासातलं पाणी संपायच्या आत कुणीतरी ते भरतं. मासळीचा काटा टाकायला बशी लागणार हे मागण्याआधी कुणाला तरी समजतं. आपण मागेपर्यंत बिल टेबलावर येत नाही. याला मी निवांत म्हणतो. गॅलटवार्समध्ये गावातल्या एकेका घराचा वेटर ठरलेला असतो. माणसं टेबल मागत नाहीत, वेटर मागतात. बापाला वाढणाऱ्याने लेकालाही वाढलेलं असतं. मी आयुष्यभर हेच काम केलं. ते जिथे अजून नीट चालतं, ती जागा मला बघायची आहे.

आई: तुझं काम मी कमी लेखत नाही. पण मला तिथे स्वतःकडेच लक्ष ठेवत बसावं लागेल. कुठला काटा कधी उचलायचा, कुणी बघतंय का. घास चवीचा लागायला मन मोकळं लागतं. आणि मुळात हे अन्न कोट घालून खाण्यासाठी जन्मलंय का, ते तर सांग.

आईच्या या प्रश्नाचं उत्तर त्या गावाच्या इतिहासात आहे. फ्रेंचांनी १७१८ मध्ये मिसिसिपीच्या वळणावर हे शहर वसवलं. मग तीन-चार दशकं ते स्पेनकडे होतं, थोडक्या काळासाठी पुन्हा फ्रान्सकडे आलं आणि १८०३ मध्ये अमेरिकेने लुइझियाना विकत घेतला. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर भेंडी आली, भात पिकवण्याचं आणि शिजवण्याचं ज्ञान आलं. गम्बो दाट करण्यासाठी सॅसाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड घालतात, ती चोक्टॉ लोकांची देणगी. १८०९ च्या सुमारास, आज ज्याला हैती म्हणतात तिथून परागंदा झालेले सुमारे नऊ हजार लोक क्यूबामार्गे या गावात उतरले आणि वस्ती जवळजवळ दुप्पट झाली. पुढे सिसिलीहून इटालियन आले. या सगळ्यांच्या चुली शेजारी-शेजारी पेटल्या आणि त्यातून क्रिओल स्वयंपाक जन्मला. अशा संपर्कातून जन्मलेलं आपल्याकडेही आहे. रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून तयार झालेली बोली अजून बोलली जाते, आणि अभ्यासक तिला क्रिओलच म्हणतात.

पदार्थांचा पाया एकच: कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. त्याखाली ‘रू’, म्हणजे तेलात किंवा चरबीत मंद आचेवर परतत नेलेलं पीठ. कुणी ते बदामी रंगावर थांबवतं, कुणी पार चॉकलेटी होईपर्यंत हलवत राहतं. क्षणभर दुर्लक्ष झालं तर करपतं, आणि करपलेला रू टाकूनच द्यावा लागतो. पाहुण्यांचा ज्यात हमखास घोटाळा होतो तो केजन स्वयंपाक याचा चुलतभाऊ. १७५५ पासून इंग्रजांनी कॅनडातून हाकललेले अकेडियन लोक लुइझियानाच्या खेड्यांत, पाणथळीत स्थिरावले, त्यांचा तो. क्रिओल स्वयंपाक शहराचा. त्यात टोमॅटो आहे, लोणी आणि साय आहे, बाजारातली मासळी आहे.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि ती नेमक्या जागी आली.

आई: मग हे शहरातल्या घरांत शिजवत कोण होतं?

मी: बहुतेक घरांत काळ्या बायका. आधी गुलाम म्हणून, नंतर पगारी स्वयंपाकीण म्हणून. क्रिओल पाककृतींची पहिली पुस्तकं १८८५ च्या सुमारास छापली गेली, पण त्यांच्यावर या बायकांची नावं नाहीत. लीना रिचर्ड या काळ्या बाईंनी स्वतःच्या नावाने पुस्तक काढलं ते १९३९ मध्ये. दहा वर्षांनी तिथल्या टीव्हीवर त्यांचा स्वयंपाकाचा कार्यक्रमही झाला.

आई: आणि त्या बायकांना तुझ्या त्या जुन्या हॉटेलांत बसून जेवता येत होतं, दादा?

मामा: नाही. १९६४ चा कायदा होईपर्यंत नाही. मला माहीत आहे ते. पण त्याची शिक्षा आजच्या टेबलाला किती द्यायची? तिथे आज जो वाढतो, जो शिजवतो, त्याच्या हातात ती विद्या आहे. ही घरं बंद पडली असती तर बटाट्याचे ते फुगे, सूफ्ले म्हणतात ते, आज कुणाला करता आले असते? बटाट्याचा काप दोनदा वेगवेगळ्या तापमानाच्या तेलात सोडायचा, तो फुग्यासारखा फुगला पाहिजे. घरी कुणी करत नाही असले पदार्थ. काही स्वयंपाक हॉटेलंच जपतात.

मामाचं हे म्हणणं मला पटतं. घरगुती स्वयंपाकाचं कौतुक करताना व्यावसायिक स्वयंपाकघरातली शिस्त आपण सहज विसरतो. कमांडर्स पॅलेसचं उदाहरण घ्या. गार्डन डिस्ट्रिक्टमधल्या या निळ्या-पांढऱ्या हवेलीत एला ब्रेनन यांनी पॉल प्रुडोम आणि एमरिल लगासी या दोघांना मुख्य शेफ म्हणून वाव दिला, आणि त्यांच्यामार्फत लुइझियानाची चव साऱ्या अमेरिकेला कळली. कासवाचं सूप हा तिथला नावाजलेला पदार्थ. आईने ते नाव ऐकून मान हलवली, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

आई: जपलं, मान्य. पण पाहुण्यापुढे ठेवण्यासाठी जपलेलं आणि रोज खाल्लं जातं म्हणून टिकलेलं, यात फरक आहे. या गावात दर सोमवारी लाल राजमा आणि भात करतात, हे तूच सांगितलंस ना गं मला?

मी: हो. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. रविवारच्या हॅमचं हाड आणि राजमा सकाळी चुलीवर ठेवून द्यायचा, तो आपला आपण शिजत राहायचा. आता घरोघरी धुलाईयंत्रं आली, तरी सोमवारचा राजमा-भात सुटलेला नाही. गावातल्या कितीतरी हॉटेलांच्या सोमवारच्या फळ्यावर तो असतोच.

आई: हेच मला हवंय. जिथे शेजारच्या टेबलावर त्या गावातलं कुटुंब बसलंय, पोरं आजीला दामटून कोळंबी खायला लावताहेत, अशी जागा.

मामा: आणि त्या राजम्यात डुकराचं हाड आहे, हे ऐकलंस ना? तो तू खाणार नाहीस. गम्बोत अँडुई, म्हणजे डुकराचंच धुरावलेलं सॉसेज. सकाळपासून शिजलेल्या भांड्यातून ते काढून देता येत नाही, कितीही प्रेमळ बाई असली तरी. आता माझं ऐक. मोठ्या हॉटेलात मासा ऑर्डर दिल्यावर तव्यावर पडतो. ट्राउट म्युनिएर म्हण, अमांदीन म्हण: लोणी, लिंबू, वर बदामाचे काप. त्यात काय आहे आणि काय नाही, ते वेटर आत जाऊन विचारून येतो. आपल्यासारख्या पथ्यपाण्याच्या माणसाची सोय तिथे होते. घरगुती जागेत भांडं ठरलेलं असतं.

या एका मुद्द्यावर आई गप्प झाली. मराठी प्रवाशाने तो लिहून ठेवावा. शाकाहारी माणसाची तर या गावात खरी परीक्षा असते. ‘गम्बो झेर्ब’ नावाचा एक पालेभाज्यांचा गम्बो आहे, ईस्टरआधीच्या गुरुवारी करतात. आपल्या ऋषिपंचमीच्या भाजीसारखे त्यात मोहरीपासून सलगमापर्यंतचे किती तरी प्रकारचे पाले पडतात, आणि जितके पाले तितके नवे मित्र जोडले जातात असं तिथे मानतात. पण नावावर जाऊ नका. त्यातही बहुतेक ठिकाणी सॉसेज, हॅम आणि गोमांस असतं.

आई: मग मधलं काही नाहीच का? जिथे गावातली माणसं जेवतात, पण मासाही ताजा तव्यावरून येतो असं?

मी: मँडिनाज आहे. कॅनाल स्ट्रीटवर, मिड-सिटीत. फ्रेंच क्वार्टर, म्हणजे बर्बन स्ट्रीट ज्यात आहे तो जुना भाग, त्याच्याजवळून कॅनालची स्ट्रीटकार थेट दारापर्यंत जाते. आधी किराणा दुकान होतं, १९३२ पासून हॉटेल. सिसिलियन घराणं, त्यामुळे ट्राउट अमांदीनच्या शेजारी स्पॅगेटीसुद्धा. टेबल राखून ठेवत नाहीत. आपण आत जायचं, बारपाशी उभं राहायचं. ताटं एवढी मोठी की उरलेलं डब्यात भरून न नेणारा माणूस तिथे विरळा.

मामा: म्हणजे उभं राहायचं, आवाजात बसायचं आणि मोठमोठ्याने बोलायचं.

आई: लग्नाच्या पंगतीत काय शांतता असते?

मामा: पंगत मी नोकरीत रोज पाहिली. सुट्टीत मला शांतता हवी.

इथे दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी मनात जे नाव आधीपासून धरलं होतं ते मग बोलून टाकलं: डूकी चेस. हे हॉटेल फ्रेंच क्वार्टरच्या बाहेर, ट्रमे या काळ्या माणसांच्या जुन्या वस्तीत आहे. १९४१ मध्ये एक सँडविचचं आणि लॉटरीच्या तिकिटांचं छोटं दुकान म्हणून ते उभं राहिलं. त्या घरात सून म्हणून आलेल्या लिया चेस यांनी त्याचं रूप पालटलं. त्या २०१९ मध्ये ९६ व्या वर्षी गेल्या, आणि जवळजवळ शेवटपर्यंत स्वयंपाकघरात होत्या.

मी: मामा, लिया चेस तरुणपणी फ्रेंच क्वार्टरमधल्या हॉटेलात वाढायचं काम करायच्या. तिथे गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी जी पांढरी टेबलक्लॉथ, जो काटाचमचा, जी अदब त्यांनी पाहिली, ती आपल्या माणसांना मिळाली पाहिजे म्हणून त्यांनी सासरच्या दुकानाचं हॉटेल केलं.

मामा: वाढपी होत्या त्या?

मी: हो. आणि सुरुवातीला त्यांनी तिथलेच पदार्थही आणले. लॉबस्टर थर्मिडॉर ठेवलं. वस्तीतल्या लोकांना ते मुळीच आवडलं नाही. तेव्हा त्या स्वतःच्या घरच्या स्वयंपाकाकडे वळल्या. गम्बो, तळलेली कोंबडी, लाल राजमा, ‘श्रिम्प क्लेमन्सो’ म्हणजे कोळंबी, बटाटे, मटार आणि अळंबी लोण्या-लसणात. टेबलक्लॉथ मात्र राहिलं.

आई: बघ. अदब आणली आणि अन्न घरचं ठेवलं.

मामा: हे वाढणाऱ्यालाच सुचणार. टेबल कसं लागतं ते ज्याने पाहिलंय, त्याला.

त्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर काळी आणि गोरी माणसं एकत्र बसून नागरी हक्कांच्या लढ्याची आखणी करत. असं एकत्र बसणं तेव्हा तिथे बेकायदा होतं. पण डूकी चेसवर छापा घातला तर सगळी वस्ती रस्त्यावर येईल, म्हणून पोलीस त्या वाटेला फारसे जात नसत. मार्टिन ल्यूथर किंग तिथे जेवले, बसमधला वर्णभेद मोडायला निघालेले फ्रीडम रायडर्स जेवले. भिंतींवर कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं आहेत, आणि ती लिया चेस यांनी अशा काळात जमवली जेव्हा संग्रहालयांची दारं या चित्रकारांना बंद होती. २००५ मध्ये कॅटरिना वादळात शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. फ्रेंच क्वार्टर उंचवट्यावर असल्यामुळे बराचसा वाचला, पण वस्त्यांमधली हॉटेलं बुडाली. डूकी चेस २००७ मध्ये पुन्हा उघडलं, आणि त्यासाठी निधी जमवायला गावातली श्रीमंत हॉटेलंही पुढे आली.

आई: आणि तो ओबामांचा किस्सा सांग ना मामाला.

मी: २००८ च्या प्रचारात ओबामा तिथे गेले होते. गम्बो पुढे आला तशी त्यांनी चाखायच्या आधीच त्यात तिखट सॉस घातला. लिया चेस यांनी त्यांना तिथेच दटावलं.

मामा: बरोबरच केलं. आधी चाखायचं, मग मीठ-तिखट मागायचं. आमच्याकडे नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

मामाची गॅलटवार्सची ओढ तरीही सुटली नव्हती. डूकी चेसमध्ये रात्रीचं जेवण आठवड्यातल्या मोजक्याच दिवशी असतं, बाकीचे दिवस दुपारचं. आपला दिवस जुळला नाही तर काय? मामा म्हणाला, तर मी दुपारी गॅलटवार्सला रांगेत उभा राहीन, तुम्ही तुमच्या मँडिनाजला जा. आई म्हणाली, तू रांगेत उभा राहिलास तर मी येईन, पण रात्री तू माझ्याबरोबर मँडिनाजला यायचं. हा तोडगा मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, आणि डूकी चेस मिळो वा न मिळो, मी प्रत्येकाला तोच सांगते. कोटवाल्या, जुन्या, मोठ्या घरात जायचं तर दुपारी जावं. दिवसाउजेडी ती दालनं मोकळी वाटतात, बिल पुष्कळदा हलकं पडतं, आणि गावातली माणसंही तिथे दुपारीच खुलतात. संध्याकाळ मात्र वस्तीतल्या हॉटेलाची. दिवसभर पाहिलेलं बोलून काढायचं असतं, थकलेल्या पायांना बूट नको असतात, आणि अशा वेळी कुणाच्या रिवाजांत बसण्यापेक्षा कुणाच्या शेजारात बसणं बरं.

अनुभवाच्या चार गोष्टी तेवढ्या सांगते. आपल्याला रात्री नवाच्या पुढे जेवायची सवय असते. वस्तीतल्या हॉटेलांची चूल तोवर विझायला लागलेली असते, म्हणून सातच्या आत पोचा. हॉटेल कितीही साधं असो, बिलावर वीस टक्के टिप धरूनच खिसा बघा. वाढणाऱ्याचा चरितार्थ तिथे मुख्यतः त्यावर चालतो. मोठ्या घरांत टी-शर्ट आणि अर्धी विजार चालत नाही, ते आधी विचारून घ्या. गाय-डुक्कर वर्ज्य असेल तर नुसतं ‘नॉन-पोर्क’ म्हणून भागत नाही. रू कशात परतला आहे, स्टॉक कशाचा आहे आणि राजम्यात हाड आहे का, हे तिन्ही प्रश्न नीट विचारा. विचारण्यात संकोच नको. या गावाला आपल्या स्वयंपाकाबद्दल बोलायला मनापासून आवडतं, आणि तुम्ही रूविषयी विचारलंत तर कधी कधी स्वयंपाकघरातून कुणीतरी बाहेर येऊन सांगतं.

फ्रेंच क्वार्टरमध्येच उतरला असाल तर रात्री जेवायला तिथून बाहेर पडा. कॅनालची स्ट्रीटकार घ्या किंवा ट्रमेला जा. गाडीची वाट बघण्यात वीस मिनिटं गेली तरी चालतील. एका रात्रीचा पाहुणा बर्बन स्ट्रीटवर समोर येईल त्या पाटीखाली जेवला तर त्याला क्रिओल चवीचा पत्ता लागत नाही, एवढं माझं स्पष्ट मत आहे.